वाळवंटातला छोटा विमानतळ: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः दोरांबद्दल

धावपट्टीची लांबी, दिशा, रेडिओची फ्रिक्वेन्सी हे सगळं चार्टवर आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही. आठ महिने मी माझं सेसना 172 घेऊन इथे येतेय. मला लिहायचंय ते विमान बांधायच्या दोरांबद्दल.

मे महिन्यात भर दुपारी उतरले. उजव्या पंखाखालचा दोर ओढला तर त्याचे दोन तुकडे झाले. वरून पिवळा दिसत होता, पण आतून उन्हाने पार विरलेला. बोटांत चुरा उरला. तुकड्यांना गाठ मारून कसंबसं विमान बांधलं आणि पाणी प्यायला सावलीत गेले, तोच वावटळ आली. आभाळ स्वच्छ होतं, वाराही पडलेला. वाळवंटात जमीन तापली की अशी धूळ गरगरत उठते, सांगून येत नाही. दोर पुन्हा तुटला, उजवा पंख उचलला गेला. मी धावत जाऊन स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा तिरका दांडा, धरून लोंबकळले. शेपटीचा दोर टिकला म्हणून विमान वाचलं.

खरं तर स्वतःचे दोर आधीच आणायला हवे होते. पण इथे विमान उभं करायला पैसे पडत नाहीत, मग त्यात खर्च कशाला, असा विचार केला. तो चुकला.

त्या रात्री मी व्यवस्थापनाबद्दल फार कडक लिहून ठेवलं होतं. ते आता पुसलंय, कारण कळवल्यावर दोन आठवड्यांत सगळ्या जागांवर साखळ्या आल्या. आधी फार बरं वाटलं. वापरल्यावर मात्र मत थोडं बदललं. साखळी ताणत नाही, त्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट पंखाच्या कडीला बसतो. आता मी नायलॉनचे दोर सोबत ठेवते. बांधताना इंचभर ढील ठेवते. फार सैल राहिला तर हिसके बसतात, आणि करकचून आवळला तर पंखावर उलटा ताण येतो.

बाकी थोडक्यात. विमानतळाची उंची 2,000 फूट असली तरी 40 अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे तापून विरळ झालेल्या हवेत विमानाला जाणवणारी उंची, साडेपाच हजारांच्या घरात जाते, म्हणून टाक्या भरून दुपारी निघू नका. पहाटे निघा. रात्री उतरण्याचं मला भय होतं, ते पार गेलं. टॉवर नाही, माणूस नाही, खाली नुसता काळोख. माइकचं बटण पाच सेकंदांत पाच वेळा दाबलं की धावपट्टीचे दिवे एकदम उजळतात. आठ महिन्यांत एकदाही चुकले नाहीत. तेवढ्यासाठीसुद्धा मी इथे येत राहीन.

पंपापासून तिसऱ्या जागेची डावीकडची जमिनीतली कडी हलतेय. कळवलंय. दुरुस्त होईपर्यंत तिथे विमान बांधू नका.