कुशिंगवाल्या कुत्र्यासाठी ट्रायलोस्टेन की मायटोटेन?
कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार बनण्याचा आजार, म्हटलं की पहिला प्रश्न असतो, आता किती दिवस? ८०-८५ टक्के केसेसमधे मूळ पिट्युटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) असतं, त्या कुत्र्यांबद्दल बोलतेय. २००५ मधे १४८ कुत्र्यांचा एक अभ्यास आला, ट्रायलोस्टेन हे औषध घेणाऱ्यांचं उपचार सुरू झाल्यापासूनचं मध्यक आयुष्य ६६२ दिवस, मायटोटेनवाल्यांचं ७०८, म्हणजे जवळपास सारखंच, पावणेदोन-दोन वर्षं. आणि हा आजार बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो, त्यामुळे दोन वर्षं खूप आहेत हो!

खरा फरक रोजच्या सांभाळण्यात आहे. ट्रायलोस्टेन कॉर्टिसॉल बनणं फक्त अडवतं, गोळी थांबवली की असर सहसा उतरतो, पण रोज जेवणासोबत द्यावीच लागते आणि अधूनमधून एसीटीएच टेस्ट (कॉर्टिसॉल किती बनतंय ते बघणारी रक्ततपासणी), त्यात खर्च बराच जातो. मायटोटेन ॲड्रिनल ग्रंथीचा कॉर्टिसॉल बनवणारा थरच मारतं, सुरुवातीला रोज देतात आणि तेव्हा कुत्र्याच्या ताटाकडे नि पाण्याच्या भांड्याकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, भूक किंवा पाणी जरा कमी झालं की गोळी बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन. नंतर आठवड्याचा ठरलेला डोस, ते सोपं जातं.

उलट्या, गळून जाणं, थरथर दिसली तर कॉर्टिसॉल फार खाली गेलं असू शकतं, हे दोन्हीत होतं, पण मायटोटेनमधे कधीकधी कायमचं. म्हणून घरात दिवसभर कोणी नसेल तर मी ट्रायलोस्टेनच म्हणेन.