समरकंदमधला गाईड, अमीर तेमूर आणि आमचा तैमूरलंग

सेवा: हॉटेलमार्फत ठरवलेला स्थानिक गाईड, एक पूर्ण दिवस, गाडीसकट. आम्ही दोघं आणि कोलकात्याचं एक जोडपं, चौघांत खर्च वाटून घेतला.

उझबेकिस्तानात ताश्कंदहून सकाळच्या वेगवान रेल्वेनं आम्ही दोन-सव्वादोन तासांत समरकंदला पोचलो. गाईड वेळेवर हजर होता. तिशीचा मुलगा, हिंदी अस्खलित, आमच्या ह्यांचा गुडघा दुखतो हे न सांगता ओळखून त्यानं प्रत्येक ठिकाणी गाडी दारापर्यंत आणवली. एवढ्यासाठीच त्याला पूर्ण गुण द्यावेत असं दुपारपर्यंत वाटत होतं.

मी नाशिकला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. तैमूरलंग माझ्या फळ्यावर दरवर्षी दोन ओळींपुरता यायचा: १३९८, दिल्लीची लूट आणि कत्तल. गाडीत सवयीनं तेच नाव तोंडात आलं. तो वळून म्हणाला, "ओपा, आम्ही अमीर तेमूर म्हणतो. लंगडा हे शत्रूंनी चिकटवलेलं." ओपा म्हणजे मोठी बहीण. मग शहराच्या मध्यावरचा तेमूरचा पुतळा दाखवला, बसलेला, दोन्ही हात तलवारीवर. पायाशी एक नवरा-नवरी फोटो काढून घेत होती. सोव्हिएत काळात तेमूरला मान नव्हता, १९९१ला देश स्वतंत्र झाला, १९९३मध्ये ताश्कंदच्या मुख्य चौकात जिथे आधी मार्क्स होता तिथे तेमूरचा घोडा उभा राहिला. "शक्ती न्यायात आहे" हे त्याचं ब्रीद त्या चौथऱ्यावर कोरलंय. हे सगळं त्यानं फार छान सांगितलं. नव्या देशाला आपला म्हणून कोणीतरी हवा असतो, हे मला लगेच पटलं.

खटकलं ते पुढे, बीबी खानम मशिदीत. कमान पाहून मान दुखते इतकी उंच. तो व्यापार, विद्या, निळ्या फरशा यांबद्दल अर्धा तास बोलला. ही मशीद दिल्लीच्या स्वारीनंतर, १३९९ला बांधायला घेतली. दिल्लीहून पाथरवट आणले, हत्ती आणले, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं. मी विचारलं, "आणले म्हणजे कसे आणले?" तो गप्प.

मग मीच बोलले. दिल्लीच्या लढाईआधी छावणीतल्या हिंदुस्थानी कैद्यांची तेमूरनं सरसकट कत्तल करवली. आकडा एक लाख, आणि तो शत्रूच्या नव्हे, त्याच्याच बाजूच्या बखरकारांचा. आकडा फुगवलेला असेलही, पण तो फुशारकीनं लिहिला गेला, हे जास्त भयंकर आहे. त्याआधी १३८७ला इराणातल्या इस्फहानमध्ये मुंडक्यांचे मनोरे रचले. त्या मनोऱ्यांतल्या माणसांना तुमच्या गोष्टीत जागा कुठे?

माझा आवाज चढला होता. गाईडनं तो मनावर घेतला नाही. अंगणात संगमरवरी रेहल आहे, भलीमोठी, कुराण ठेवायची. तिच्या कडेवर हात ठेवून तो हळू म्हणाला, "शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मी नंतर वाचलं. पर्यटकांना सांगत नाही, कारण बहुतेक विचारत नाहीत." आणि मग त्यानं सांगितलं. दमास्कसचे कारागीर, १४०१ला शहर उद्ध्वस्त करून त्यांना कसं इथं नेलं, सगळं. तो दिवसातला सर्वांत उत्तम अर्धा तास.

तेवढ्यात कोलकात्याच्या बाई म्हणाल्या, "दीदी, आमच्याकडे बाळ झोपत नसेल तर बर्गी येतील म्हणतात. बर्गी म्हणजे तुमचे मराठे." हे मला माहीत होतं. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वर्षानुवर्षं गेल्या, गावं लुटली, जाळली. माहीत होतं, पण एकतीस वर्षांत मी ते फळ्यावर एकदाही लिहिलं नाही. अटकेपार झेंडे मात्र दरवर्षी लिहिले. मी त्यांचा हात धरला आणि "खरं आहे" एवढंच म्हणाले.

दोन्ही गोष्टी एकसारख्या आहेत असं मी म्हणत नाही. मुंडक्यांचे मनोरे रचणाऱ्याला मी वीर म्हणणार नाही, कमान कितीही उंच असो. सेनापती म्हणून तो असामान्य होता, हे मान्य. पण नायक म्हणजे ज्याचं सगळं मुलांना सांगता येतं तो.

संध्याकाळी गुर-ए-अमीर, म्हणजे तेमूरचा मकबरा. घुमटाला खरबुजासारख्या निळ्या फाका. आत सोन्याचं काम, आणि मधोमध तेमूरच्या कबरीवर काळपट हिरवा दगड, आडवा तडकलेला. हा दगड १७४०ला नादिरशहानं उचलून नेला आणि तेव्हा तो दुभंगला, असं सांगतात. आदल्याच वर्षी त्यानं दिल्ली लुटली होती. दिल्लीच्या एका लुटारूचा दगड दुसऱ्यानं पळवला! मी त्या तड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. गाईडनं घाई केली नाही.

तक्रार एकच: शाकाहारी जेवण आधी सांगूनही सूपात मटण निघालं. नान आणि टोमॅटोवर भागवलं, नान मात्र अप्रतिम. पाचपैकी चार गुण. जाणाऱ्यांनी बीबी खानमला दोन तास राखून ठेवावेत आणि पाथरवटांचं त्याला जरूर विचारावं. विचारलं की तो सांगतो.