दोन इंच उंचीसाठी ३९ हजार, आणि मिळाला गेटचा पाईप

गावाचं नाव लिहीत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणारे निम्मे लोक मला ओळखतात, झालं तेवढं हसं पुरे. पण परवा आमच्याच शिवारातला एक पोरगा त्याच गॅरेजचा नंबर मागायला आला, तेव्हा म्हटलं, आता लाज गुंडाळून ठेवावी.

माझी पिकअप जुनी, टू-व्हील ड्राइव्ह. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, मागे कमानपाटे. शेतापासून डांबरीपर्यंत सव्वा किलोमीटर पाणंद आहे आणि ट्रॅक्टरांनी तिच्यात अशा चाकोऱ्या पाडल्यात, की क्रेट भरून निघालं की मधल्या उंचवट्याला मागच्या एक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियल) घासतो. फोर-बाय-फोर घ्यायची ऐपत नाही. आहे तीच गाडी दीड-दोन इंच उचलावी, एवढंच डोक्यात होतं. यात हाव कुठे आली?

मोबाईलवर रील दिसली. पुण्याच्या बाजूचा गॅरेजवाला, मागे उंच केलेल्या गाड्यांची रांग. फोनवर गोड. "दादा, इंपोर्टेड किट आहे. मागे अलॉयचे ब्लॉक, पुढे नवीन टॉर्शन की, दोन तासांत गाडी हातात." ब्लॉक म्हणजे एक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये घालायचे ठोकळे, 'की' म्हणजे टॉर्शन बारचं टोक धरणारा तुकडा, त्याचा बोल्ट आवळला की पुढून गाडी उचलते. किट ३४,५००, फिटिंग ४,५००, एकूण ३९,०००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०२०. "पक्कं बिल नको असेल तर तेवढे वाचतील." वाचवले. क्रेटला दीडशे मिळत होते तेव्हा. सात हजार म्हणजे ४७ क्रेट. माझ्या जागी तुम्हीही वाचवले असते. १५,००० फोनवरून ॲडव्हान्स, २४,००० रोख. रोख देताना दोनदा मोजून दिले, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

आता ती वेळ, जिच्यामुळे रात्री झोप येत नाही. खोका फोडला तर खालून आधीच एकदा उघडून परत टेप मारलेली. विचारलं, तर म्हणे ट्रान्सपोर्टमध्ये होतं. त्यातून काळे चकचकीत ठोकळे काढले, वर इंग्रजी स्टिकर. एक हातात घेतला. फारच हलका. "अलॉय आहे ना दादा." तेवढ्यात पोऱ्याने दुसरा ठोकळा नट-बोल्ट ठेवायच्या लोहचुंबकाच्या ताटलीशेजारी ठेवला आणि तो टक् करून ताटलीला चिकटला. मी बघितलं. बारावी सायन्स झालेला माणूस आहे मी. ॲल्युमिनियमचा अलॉय चुंबकाला चिकटत नाही, हे मला माहीत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. गॅरेजवाला म्हणाला, "समोर मिसळ चांगली आहे, खाऊन या." आणि मी गेलो. मिसळ खाल्ली, वर ताकही घेतलं. काम चालू असताना गाडीजवळून हलू नका. भूक लागली तर वडापाव तिथेच मागवा.

परत आलो तर गाडी खरंच उंच दिसत होती. फोटो काढून स्टेटसला टाकला.

तीन आठवड्यांत पुढचे दोन्ही टायर एका अंगाने खाल्ले गेले. खड्ड्यातून गेलं की पुढून धाड् आवाज. मग एका सकाळी ६० क्रेट, म्हणजे बारा क्विंटल माल घेऊन निघालो आणि पाणंदीच्या तोंडाशीच मागून कडाड् झालं. मागचं डावं चाक मडगार्डला जाऊन टेकलं. माल दुसऱ्या गाडीत भरला, भाडं १,४०० गेलं.

आळेफाट्याच्या कमानवाल्याने गाडीखाली जाऊन ठोकळा काढून दिला. गेटला वापरतात तो चौकोनी पाईप, वरखाली पत्री वेल्ड केलेली, वरून काळा स्प्रे. एक बाजू चेपून आत गेलेली. नखाने खरवडलं तर खाली तांबडा रेडऑक्साइड. पुढची 'नवीन की'? तीच जुनी, चिखलासकट. फक्त ॲडजस्टिंग बोल्ट आवळलेला, चार आटे नव्याने चमकत होते. त्याला पान्ह्याशिवाय काहीच लागत नाही. मीही घरी केलं असतं, मग अलाइनमेंटचे ९०० दिले की झालं. आणि नुसता बोल्ट आवळत गेलं तर चाकाची खाली जायची चाल संपते, बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचे सांधे, तिरके होतात. धाड् आवाज त्याचाच.

खरा चटका पुढेच. कमानवाला म्हणाला, "भाऊ, तुमचा गोळा घासतोय ना? मग ब्लॉक कशाला?" ब्लॉक टाका, लांब शॅकल (पाट्याचं टोक टांगणारी कडी) टाका, पाटा वाढवा, हौद वर जातो, एक्सल तिथेच राहतो. गोळा उचलायचा तर टायरच मोठा हवा. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ टाकला तर गोळा जेमतेम १५ मिलिमीटर उचलतो. म्हणजे माल अस्सल असता तरी माझं काम झालं नसतं. आणि शॅकल दोन इंच लांब घेतली तर गाडी एकच इंच उचलते, हेही ऐकून ठेवा. तिथेही दुप्पट आकडे सांगतात. माल भरल्यावर गाडी बसत असेल तर कमानवाल्याकडून पाटा वाढवून घ्या, ते वेगळं दुखणं.

टायर १३,४००. बॉल जॉइंट, यू-बोल्ट, अलाइनमेंट आणि ते भाडं धरून ६,८५०. एकूण ५९,२५०.

गॅरेजवाला फोन उचलेना, म्हणून चौकीत गेलो. "ही दिवाणी बाब आहे." मग, "गॅरेज आमच्या हद्दीत नाही." त्या हद्दीत गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले. "बिल?" नाही. "मग तुम्हीच टॅक्स चुकवला की." हसले वर. फसवणुकीचं चारशे वीस आता नव्या कायद्यात तीनशे अठरा झालंय, एवढं ज्ञान घेऊन परतलो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, तक्रार क्रमांक मिळाला, मग मेसेज, पुरावा जोडा. पुरावा १५,००० चा, तोही गॅरेजच्या नाही, कुठल्याशा बाईच्या खात्यावर. पैसे पाठवताना नाव वाचत जा! पासिंगला गाडी नेली तर तिथले साहेब मलाच म्हणाले, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत आहे का, कंपनीच्या मापात बदल केला तर मालकाला ५,००० दंड. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसंच म्हटलंय म्हणे. म्हणजे लुटलं मला, कायदा मोडला मी. त्या गॅरेजवर दिवसाढवळ्या बोर्ड आहे, तो कोणाला दिसत नाही. चार ठिकाणी सात खेपा, सगळ्यांचा सूर एकच, तू गेलासच कशाला.

वकील म्हणतो ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. गाडी धंद्याची म्हणून समोरचा आडवा येईल, तेव्हा स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवतो हे अर्जातच लिही. चेपलेला ठोकळा टाकू नको म्हणाला, म्हणून तो ओसरीवर पोत्यात ठेवलाय. कोणी पाहुणा आला की आमचे वडील तो काढून त्याच्या हातात देतात आणि विचारतात, "सांगा बरं, केवढ्याचा असेल?"