कॉर्मोरँट, काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. मुखपृष्ठ, प्रकरणांचे मथळे, मैफलीचं भित्तिपत्रक, निमंत्रणपत्रिका, असल्या कामांना कॉर्मोरँट हा फॉन्ट बिनधास्त घ्या. परिच्छेदांना घेऊ नका. गेले बरेच महिने रोमन लिपीतल्या मजकुराची मांडणी करताना हा फॉन्ट हाताशी आहे आणि अक्षर जितकं मोठं, तितका तो खुलतो.

चाळीस पॉइंटच्या पुढे त्याची खरी ओळख होते. सेरिफची, म्हणजे अक्षरांच्या रेघांना शेवटी जोडलेल्या छोट्या आडव्या रेघांची, टोकं सुईसारखी निमुळती. स्मॉल 'ई' आणि 'ए' यांच्या पोटातली पोकळी मुद्दाम इवलीशी ठेवलेली, उलट 'एल', 'एच', 'डी' यांच्या काठ्या चांगल्या उंच. त्यामुळे एका ओळीतच चढउतार दिसतो आणि दोन शब्दांचं शीर्षकसुद्धा रिकामं वाटत नाही. इटॅलिक तर मला सरळ अक्षरांपेक्षाही आवडतं. नुसतं तिरकं केलेलं नाही, हाताच्या वळणाचं आहे. कॅपिटलमध्ये शीर्षक लिहायचं असेल तर अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडा. न सोडता लावलेली कॅपिटल मला दाटीवाटीची वाटतात.

हा टाइपफेस क्रिस्टियन थालमान यांनी आखला. प्रेरणा सोळाव्या शतकातल्या पॅरिसचे अक्षर-कारागीर क्लोद गारामों यांची. (गारामोंच्या नावावर खपणारं सगळंच त्यांचं नव्हे, बरं का. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे काही प्रसिद्ध टाइप प्रत्यक्षात नंतरचे कारागीर झाँ झानों यांचे आहेत, हे टाइपच्या अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड यांनी 1926 मध्ये दाखवून दिलं.) गारामोंच्या काळात प्रत्येक आकाराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वेगळे घडवावे लागत. लहान खिळ्यांवरच्या रेघा त्या मानाने जाड आणि अक्षरं ऐसपैस ठेवत, म्हणजे छपाईत ती टिकत. मोठ्या खिळ्यांवर कारागिराला नजाकत दाखवायला वाव असे. आता एकच आराखडा लहानमोठा करून सगळीकडे चालवला जातो, आणि कॉर्मोरँटचा आराखडा सरळसरळ मोठ्या आकारासाठी आहे.

म्हणून अकरा पॉइंटला काय होतं ते सांगते. बारीक रेघा पुसट होतात, 'ई'चं पोट बुजल्यासारखं दिसतं. शेजारी तेवढ्याच पॉइंटचा जॉर्जिया ठेवलात तर कॉर्मोरँट एक-दोन आकारांनी लहान वाटतो, कारण त्याच्या स्मॉल अक्षरांची उंचीच कमी आहे. आकार वाढवून वेळ मारून नेता येते, पण मग पानं वाढतात. सलग वाचायच्या मजकुरासाठी मी ईबी गारामों वापरते. गेओर्ग डुफ्नर यांनी तो 1592 च्या एगेनोल्फ-बर्नर या टाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या नमुनापत्रकावरून उभा केला. घराणं तेच, गारामोंचं, त्यामुळे वर कॉर्मोरँट आणि खाली ईबी गारामों असं पान परकं दिसत नाही.

छपाईत एक पथ्य पाळा: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर लाइट वजन, म्हणजे फॉन्टचं सगळ्यात बारीक रेघांचं रूप, नको. शाई पसरते आणि बारीक रेघ दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. चार रंगांच्या मिश्रणातून आलेल्या रंगातही तेच. रंग केसभर सरकले तरी टोकं फाटलेली दिसतात. एकाच घट्ट शाईत छापा, नाहीतर मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. पडद्यावर मी मीडियमच्या खाली फारशी जात नाही.

आकडे हा वादाचा विषय. मुळात मिळतात ते जुन्या वळणाचे, काही ओळीच्या वर, काही खाली उतरलेले. वाक्यात साल आलं की ते सुरेख मिसळतात. किमतींच्या तक्त्यात किंवा फोन नंबरात मात्र नाचल्यासारखे दिसतात. ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या पर्यायी अक्षररूपांच्या) सेटिंगमध्ये लायनिंग आकडे सुरू केले की सगळे एका उंचीवर येतात. हे ठाऊक नसल्यामुळे 'आकडे बिघडलेत' अशी तक्रार ग्राहकाकडून हमखास येते.

कुटुंब मोठं आहे: नऊ शैली, पाच वजनं, एकूण 45 फाइली. कॉर्मोरँट गारामों म्हणून जो मिळतो त्यात अक्षरांच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत, त्यामुळे मधल्या आकारांना मी तोच लावते. इन्फंट, अपराइट, युनिकेस या शैलींपैकी युनिकेस, म्हणजे स्मॉल आणि कॅपिटल अक्षरांची सरमिसळ, मला कधीच जमला नाही. एखाद्या बोधचिन्हापलीकडे त्याचं काम सुचत नाही. परवाना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे व्यावसायिक कामातही पैसे न भरता वापरा. फक्त वेबसाइटवर सगळं कुटुंब चढवू नका, लागतील त्या दोन-तीन फाइली पुरेत.

सिरिलिक आहे, व्हिएतनामीची चिन्हंही आहेत, देवनागरी मात्र नाही. मराठी शीर्षकाला तोच फॉन्ट लावलात तर संगणक हाताला येईल ती देवनागरी उचलतो, आणि ती बहुतेकदा एकसारख्या जाडीची, ठोकळेबाज असते. त्यापेक्षा तिरो देवनागरी मराठी शेजारी घ्या. तिच्यात जाड-बारीक रेघांचा फरक आहे. फक्त दोन्हींना एकच पॉइंट देऊ नका. देवनागरी मोठी दिसते, म्हणून ती डोळ्यांनी बघत थोडी लहान करा, आणि वरच्या मात्रांसाठी ओळींमध्ये जागा सोडायला विसरू नका.