फॅमिली घेऊन अंदमान पोस्टिंग : वर्ष होत आलं, आता खरं काय ते सांगते

सध्या सुट्टीला कोल्हापूरला आलेय आणि भेटेल तो एकच म्हणतोय, "काय वहिनी, मजा हाय की तुमची, रोज बीच!" त्यात आमच्याच भागातल्या दोन घरच्या पोरांची पोस्टिंग तिकडं निघालीय, त्यांच्या बायका फोन करून करून न्यायचं काय, ठेवायचं काय, पोरांच्या शाळेचं काय हेच विचारतायत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं.

आमचे मालक आर्मीत हवालदार. युनिट कुठलं ते लिहीत नाही, लिहायचंही नसतं. पोरं दोन, थोरला पाचवीत आणि धाकटी अजून शाळेच्या वयाची नाही. क्वार्टरमध्ये राहायची सवय मला आधीपासून आहे, पण ती सगळी ठिकाणं अशी की रेल्वेत बसलं की दोन दिवसांत मिरज. अंदमानला मधी समुद्र आहे. चेन्नईहून विमानानं दोन-सव्वादोन तास आणि जहाजानं जवळपास तीन दिवस, आणि या तीन दिवसांवरच तिथलं सगळं चालतं, कांद्यापासून ते टीव्हीच्या स्पेअर पार्टपर्यंत.

माझं मत आधीच सांगते. फॅमिली न्याच, पण संसार नेऊ नका.

कारण ऐका. आम्ही इथून सगळं नेलं. काळ्या ट्रंका, प्लायचं कपाट, दिवाण, मिक्सर, शिलाई मशीन, एमएच ०९ ची गाडी, सगळं. इथल्या एका पॅकर्सवाल्यानं (नाव घेत नाही) चेन्नईपर्यंत पोचवलं, पुढं जहाजातनं आलं, आणि आम्ही पोचून कितीतरी दिवस झाले तरी सामानाचा पत्ता नाही, तोवर युनिटनं दिलेल्या दोन खाटा आणि शेजारणीची कढई. बरं, आलं ते आलं, पण पहिल्याच पावसाळ्यात कपाटाचं प्लाय खालून फुगलं, दार लागेना. ट्रंकेवर मालकांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असतं ना, त्या अक्षरांच्या कडेनं गंज धरून पापुद्रे निघायला लागले. हवेत मीठ आहे आणि ओल तर बारमाही, कारण तिथं पाऊस एकदाच येऊन जात नाही, जूनपासूनचा वेगळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा वेगळा, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या गगनबावड्याच्या लोकांना त्याचं काही वाटायचं नाही, पण आम्ही कागलकडचे.

तिथल्या जुन्या बायकांनी एक युक्ती सांगितली ती लिहून ठेवा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात झिरोचा बल्ब लावून ठेवायचा, दिवसरात्र चालू, कपडा बल्बला लागणार नाही एवढी जागा सोडून. तेवढ्या उबेनं कपडे कोरडे राहतात. आम्ही लावायच्या आत मालकांच्या कापशी चपलेवर (आपली कातडी कोल्हापुरीच) हिरवी बुरशी आलेली, पट्ट्यांच्या वेणीत अगदी आतपर्यंत. ब्रशनं घासली, खोबरेल लावलं, उन्हात ठेवली, चार दिवसांत परत हिरवी. आता ती चप्पल त्याच बल्बच्या कप्प्यात असते, माझ्या दोन साड्यांच्या शेजारी, आणि बाहेर सगळे रबरी चपला घालतात. पैठणी, कातडी पर्स, लाकडी फर्निचर असलं काही नेऊ नका. भांडी स्टीलची न्या. गाडी न्यायचीच तर जुनी न्या, आमच्या गाडीचा सायलेन्सर बघवत नाही.

पैशाचं म्हणाल तर बदलीचा जो ग्रँट मिळतो तो बाकी ठिकाणी बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, ८० टक्के असतो, अंदमानला जाताना आणि येताना १०० टक्के. ते बघून लोकांना वाटतं घ्या सगळं घर उचलून. तोच पैसा राखून तिथं प्लास्टिकचं फर्निचर घेतलेलं परवडतं. टेन्युअर, म्हणजे पोस्टिंगची मुदत, संपली की तिथंच नव्या येणाऱ्या फॅमिलीला देऊन टाकायचं, सगळे तसंच करतात.

आता खाण्याचं. कांदा-लसूण चटणी वर्षाची न्या, बिनधास्त, पण एका बरणीत नको. मी अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या करून घट्ट बांधल्या आणि एकेक फोडली, शेवटची पिशवी पण लालभडक निघाली. मोठ्या बरणीत नेलेल्या एकीच्या चटणीचा पार गोळा झाला. गूळ मात्र टिकत नाही, पाणी सुटतं, ढेप नेऊ नका. आणि आमच्या आत्तींनी (सासूबाईंनी) हौसेनं खोबऱ्याच्या वाट्या भरून दिल्या होत्या, त्या एअरपोर्टवर काढून ठेवाव्या लागल्या, सुकं खोबरं चेक-इनच्या सामानात चालत नाही. तसंही अंदमानला खोबरं नेणं म्हणजे काय बोलायचं, तिथं क्वार्टरच्या मागं नारळ पडून असतात.

भाजी महाग आणि लहरी. जहाज लांबलं की टोमॅटोचा भाव चढतो. मासा ताजा आणि भरपूर, सुरमई तर अशी की इथं तसली दिसत नाही. मटणाचा भाव ऐकून मालक दुकानातनं हात हलवत परत आले, त्यामुळं रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा आता कोंबडीवर भागतो. पांढरा बराच जमतो, तांबडा नाही जमत, हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. दुधाचं तर विचारूच नका, गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध पिणाऱ्या माणसानं तिथला चहा पिताना मन घट्ट करावं.

शाळा. ज्यांची पोरं मराठी शाळेत आहेत त्यांनी हे नीट वाचा. केव्हीत, म्हणजे केंद्रीय विद्यालयात, संरक्षण दलातल्यांची पोरं पहिल्या कॅटेगरीत धरतात, त्यामुळं बदलीची ऑर्डर दाखवून ॲडमिशनचं होतं. पण केव्हीचं वर्ष एप्रिलला चालू होतं आणि आपलं जूनला, म्हणजे तुम्ही इथली परीक्षा देऊन, मे महिना मामाच्या गावाला काढून निवांत गेलात की तिथं एक-दोन धडे होऊन गेलेले असतात. आमचा थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेतला, गणितात चांगला, पण गणित हिंदी-इंग्रजीत विचारलं की गप्प. सहामाहीपर्यंत मी रोज संध्याकाळी त्याला आधी मराठीत समजावून मग हिंदीत बोलायला लावलं. आता तो हिंदीतच भांडतो, मधी मधी बंगाली पण घालतो. आठवीपर्यंतचं पोरगं असलं तर बिनघोर न्या. नववी-दहावीला नको, सीबीएसईचं दहावीचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं, मधीच स्टेट बोर्डातून उडी मारता येत नाही. त्यांना आजीजवळ ठेवा.

उजेडाची सवय व्हायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळ आपलंच, पण सूर्य कोल्हापूरपेक्षा सव्वा तास आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारालाच दिवस बुडतो. मे महिन्यात साडेसहाला आत्तींना व्हिडिओ कॉल लावला तर त्या अंगणात उन्हात बसलेल्या आणि आमच्याकडं मिट्ट काळोख, त्यांना रोज वाटायचं आमची लाइट गेलीय. पोरं पहाटे पाचलाच उठून बसतात. त्याचा फायदा एवढाच की शाळेची घाई होत नाही.

नेटची काळजी करू नका. २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून केबल टाकली, त्याआधीच्या गोष्टी जुन्या फॅमिलीकडनं ऐकल्या तर आपण सुखात आहोत म्हणायचं. ऑनलाइन मागवलेलं येतं, पण सावकाश, आणि कितीतरी वस्तूंना या पिनकोडला डिलिव्हरी नाही म्हणून दाखवतं. गावाचं नाव २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं, तरी सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात.

भीती वाटते का, हा माझ्या आईचा प्रश्न. वाटते. भूकंपाचा मोठा धोका असलेल्या भागात आहे ते, एकदा दुपारी पंखा आपोआप डोलायला लागला आणि मी भाकरी तव्यावर टाकून धाकटीला उचलून बाहेर पळाले, तर शेजारची तामिळ बाई गेटवर उभी राहून निवांत फोनवर बोलत होती. २००४ च्या २६ डिसेंबरला कार निकोबारच्या एअरफोर्स बेसवर शंभराहून जास्त जवान आणि त्यांच्या घरचे गेले, ते जुनी माणसं अजून सांगतात. जमायची जागा कुठली, वर कुठल्या रस्त्यानं जायचं हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, लाजू नका.

दवाखान्याचं, साध्या आजाराला एमआय रूम (आर्मीचा छोटा दवाखाना) आणि त्याच्यापुढं नेव्हीचं धन्वंतरी हॉस्पिटल आहे. पण मोठं काही निघालं तर मेनलँड. बाळंतपणात आधीचा काही त्रास असेल तर माहेरीच थांबा, यात हौस नको.

आणि पाहुणे! पोस्टिंग कळल्यापासून आम्हाला किती नातेवाईक आहेत ते कळलं. प्रत्येकाला सेल्युलर जेल बघायचंय, सावरकरांची कोठडी बघायचीय. बघावंच, मी स्वतः प्रत्येकाला घेऊन जाते, सातातले तीनच विंग आता उरलेत. पण क्वार्टर दोन खोल्यांची आहे, आणि गेटवर आधी नावं, आधारची झेरॉक्स दिल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. हे फोनवरच स्पष्ट सांगत जा, निम्मे तिथंच गळतात.

सासू-सासऱ्यांना न्यायचं असलं तर डिसेंबर ते मार्च. विमानानंच न्या, जहाजाचं टाइमटेबल आयत्या वेळी कळतं आणि पुढचं रेल्वेचं रिझर्व्हेशन बोंबलतं, शिवाय ज्याला प्रवास लागतो त्या माणसाला जहाज नकोच. बीपी-शुगरच्या गोळ्या इथूनच भरपूर घ्या. डिपेंडंट कार्डावर एमआय रूममध्ये मिळतात, फुकट मिळतात, पण कंपनी वेगळी आली की आमच्या आत्ती "ही ती गोळी न्हवं" म्हणून घेतच नाहीत.