अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स: विकत घेतलेल्या पुस्तकाला कुलूप

ई-पुस्तकाचे पैसे भरल्यावर हाती येते ती .एसीएसएम फाइल. ते पुस्तक नव्हे, काही केबींची परवानापावती. ती डिजिटल एडिशन्स या ई-पुस्तके वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की खरे पुस्तक, ईपब किंवा पीडीएफ फाइल, उतरते. म्हणून बॅकअप पावतीचा नको, उतरलेल्या फाइलचा घ्या. पावतीची मुदत संपते.

सगळ्यात मोठा खड्डा पहिल्याच पडद्यावर आहे: आयडीविना, म्हणजे अ‍ॅडोबीच्या खात्याविना, संगणक ऑथराइझ करण्याचा (त्याला पुस्तके उघडण्याची परवानगी देण्याचा) पर्याय. तो निवडला की पुस्तके त्या एकाच संगणकाला बांधली जातात, आणि तो बिघडला की उघडतच नाहीत. आधी अ‍ॅडोबी आयडी काढा, हेल्प मेनूतून ऑथराइझ करा, मगच पावती उघडा. पावती एका आयडीवर वापरली गेली की दुसऱ्यावर चालत नाही. ‘ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूझर’ हा संदेश त्याचाच.

एका आयडीवर संगणक सहाच. जुना विकण्यापूर्वी किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून त्याचे ऑथरायझेशन काढा, नाहीतर ती जागा अडून राहते.

छपाई आणि कॉपीची मर्यादा प्रकाशक ठरवतो, पण ती बहुधा दिसते खरेदीनंतर, आयटम इन्फोमध्ये. हा सरळ अन्याय आहे. लिनक्ससाठी अधिकृत आवृत्तीच नाही. वाचनापुरते ठीक; संदर्भग्रंथ मात्र कुलूप नसलेलेच घ्यावेत.