थायरॉइड 'रिव्हर्स' करून देतो म्हणाले, ८६,५४९ घेतले आणि रिपोर्टही 'नॉर्मल' आणून दाखवला

हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्यांनी किंवा नुकतंच अँटी टीपीओ (त्याच आजाराच्या रक्ततपासणीतल्या अँटीबॉडी) वाढलेलं निघालेल्यांनी हे पूर्ण वाचा, बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. 'गोळी आयुष्यभर घ्यायची गरज नाही, आम्ही मूळ कारणावर काम करतो' म्हणणारी मंडळी कशी येतात ते तुम्हाला माहीतच आहे, आधी फुकट वेबिनार, मग फुकट कॉल, मग 'या बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात'. ते सगळं रामायण इथे सांगत बसत नाही.

हिशोब घ्या. जागा राखून ठेवायला २,९९९. प्रोग्रामची फी ४८,०००, तीही 'बारा सोप्या हप्त्यांत', आणि हे सोपे हप्ते म्हणजे माझ्या नावावर काढलेलं चक्क कर्ज होतं हे मला मंजुरीचा मेसेज आल्यावर कळलं. सप्लिमेंटचं किट ९,४५० ला एक, अशी तीन, म्हणजे २८,३५०. 'ॲडव्हान्स्ड पॅनेल' नावाच्या रक्ततपासण्या ७,२००. एकूण ८६,५४९.

आता 'एवढी शिकलेली बाई अशी कशी फसली' म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. हा आजार ज्याच्या अंगात आहे त्यालाच कळतो. एक आठवडा एकदम ठणठणीत, पुढच्या आठवड्यात केस विंचरायला हात वर करणं जड, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, आणि मध्येच कधीतरी रात्री छाती धडधडते, घाम फुटतो, म्हणजे बरोबर उलट्या आजाराची, थायरॉइड जास्त झाल्याची लक्षणं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडच्या मागे लागलेली असते, सुरुवातीच्या काळात ग्रंथीच्या पेशी फुटल्या की आत साठलेलं हार्मोन एकदम रक्तात येतं आणि मग हळूहळू सगळं खाली जातं, हे मला आत्ता सगळं होऊन गेल्यावर नीट समजावून सांगितलं गेलं. तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं? 'रिपोर्ट ठीक आहे, स्ट्रेस कमी करा, पुढचा पेशंट.' मग कोणीतरी तासभर शांतपणे ऐकून घेतलं, प्रत्येक लक्षण लिहून घेतलं, तर माणूस विरघळणार नाही का?

आणि ह्यांचा सगळा धंदा या चढउतारावरच चालतो बरं का. आपण फोन कधी करतो, तर सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केलं नाही तरी थोडं बरं वाटणारच असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते आणि श्रेय कावळ्याला. बरं वाटलं की 'मॅम, बॉडी रिस्पॉन्ड करतेय', वाईट वाटलं की 'मॅम, हे डिटॉक्स आहे, टॉक्सिन्स बाहेर पडतायत, आता सोडू नका'. म्हणजे प्रोग्राम चुकतोय असं कधी म्हणताच येत नाही. कुठल्याही उपचारवाल्याला पहिल्याच कॉलवर विचारा की नक्की काय झालं तर तुम्ही मान्य कराल की हे लागू पडत नाहीये. उत्तर गोलगोल आलं की फोन ठेवा.

माझी थायरॉइड हार्मोनची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची होती. 'आम्ही बंद करा म्हणत नाही, फक्त शरीराला संधी द्या' असं गोड बोलून ती आधी ५० आणि मग २५ वर आणली. हे सगळं कॉलवर हं, चॅटमध्ये एक अक्षर नाही. पहिले काही दिवस काहीच बिघडलं नाही आणि त्यांची कोच म्हणाली बघा, तुम्हाला गरजच नव्हती. गरज नव्हती काय, या गोळीतलं हार्मोन रक्तातून अर्धं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, म्हणून तर डोस बदलल्यावर तपासणी सहाएक आठवड्यांनी करायला सांगतात. जुन्या साठ्यावर गाडी चालली होती.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. सॅम्पलच्या आदल्या रात्री मेसेज आला, 'मॅम, उद्या सकाळची हेअर अँड एनर्जी कॅप्सूल चुकवू नका, सॅम्पलच्या आधी नक्की घ्या.' डॉक्टर कायम सांगायचे की आधी रक्त द्या, मग गोळी. आणि इथे कॅप्सूल घेऊनच रक्त द्या म्हणतायत! अहो का? एवढं एकच 'का' विचारायचं होतं. पण कॅप्सूल केसांची, तपासणी थायरॉइडची, संबंध जोडणार कोण? डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं. माणसाला दिवसाला लागतं ३० च्या आसपास.

रिपोर्ट आला. सुरुवातीला ६.९ असलेला टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ०.४८ वर, फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, भरपूर. गोळी तिसऱ्या हिश्श्यावर आणून टीएसएच खाली! कोच फोनवर रडली आनंदाने, खरंच रडली. आणि मी तो रिपोर्ट हातात घेऊन बसलेय, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, अंगठी बोटातून निघत नाही, पंखा लावला की कुडकुडतेय. शरीर ओरडून सांगत होतं पण समोर छापील आकडा होता ना. आपल्याला इतकी वर्षं हेच शिकवलंय की लक्षणांचं काय घेऊन बसता, आकडा बघा.

दुसऱ्या लॅबमध्ये, सगळी सप्लिमेंट तीन दिवस बंद ठेवून परत रक्त दिलं तेव्हा टीएसएच ३८.६ निघाला. एंडोक्रिनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाने, डबी उलटी करून वाचली आणि कपाळाला हात लावला. बऱ्याच लॅबच्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात वरून जास्तीचं आलं की टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिलेला आहे. त्यामुळे केसांच्या, नखांच्या, कसल्याही गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद, आणि लॅबवाल्याला तोंडाने सांगा, तो स्वतःहून विचारणार नाही. त्याच किटमध्ये समुद्री शेवाळाच्या नावाखाली आयोडीनही होतं, जे जास्त झालं तर हाशिमोटो बिघडू शकतो. शिवाय लोह आणि कॅल्शियम, थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्यायला सांगितलेलं, ज्यात चार तासांचं अंतर लागतं नाहीतर गोळी नीट शोषलीच जात नाही. म्हणजे उरलेली २५ सुद्धा वाया!

मग तक्रारी. बँक म्हणाली ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, यात फसवणूक नाही. पोलिसांनी विचारलं, सामान मिळालं ना? मिळालं. मग फसवणूक कसली, ग्राहक न्यायालयात जा. औषधवाल्या खात्याने सांगितलं हे औषध नाही, पूरक आहार आहे, आमच्याकडे येत नाही. आहारवाल्यांनी सांगितलं डबीवर बायोटिन लिहिलंय, म्हणजे लेबल बरोबर आहे, कॉलवर कोण काय बोललं ते आमच्याकडे येत नाही. आणि सगळ्यात भारी उत्तर डॉक्टरांच्या नोंदणी करणाऱ्या कौन्सिलचं, की त्या कोच बाई नोंदणीकृत डॉक्टर नाहीत त्यामुळे आम्ही त्यांच्यावर कारवाई करू शकत नाही. अरे ती डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे! खरी डॉक्टर असती तर पकडली असती, खोटी आहे म्हणून मोकळी. कंपनीचं तर काय, चोर तो चोर वर शिरजोर, 'रिफंड १५ दिवसांच्या आतच, आणि आमच्या कोच वैद्यकीय सल्ला देत नाहीत, अटी वाचा.'

हप्ता ४,००० चा दर महिन्याला कापला जातोय. बंद केला तर क्रेडिट स्कोअर माझा जाणार, त्यांचा नाही. म्हणून 'हप्त्यांत भरा' म्हटलं की आधी विचारा कर्ज कोणाच्या नावावर आणि प्रोग्राम सोडला तर कर्ज रद्द होणार का, लेखी द्या. डोस कमी करा म्हणणाऱ्यालाही तेच, लेखी दे, सहीनिशी. देणार नाही.

आणि व्हिडिओ कधीच देऊ नका. त्या ०.४८ च्या रिपोर्टच्या दिवशी त्यांनी माझ्याकडून 'सक्सेस स्टोरी' करून घेतली होती. पोलीस चौकीत कंपनीच्या माणसाने तोच व्हिडिओ साहेबांना दाखवला, 'सर, मॅडम स्वतःच म्हणतायत बरं वाटतंय.' काढून टाका म्हणून मेल केले तर संमतीपत्रावर सही आहे म्हणे. अजून जाहिरातीत फिरतोय. सुजलेल्या डोळ्यांची, घोगऱ्या आवाजाची बाई 'मी थायरॉइडमधून मुक्त झाले' म्हणताना दिसली तर ती मीच, कृपया रिपोर्ट करा.